मुठीतला कोपरा

मित्रांनो, माझा एक कोपरा कुरतडल्यासारखा दिसतो. तिथली किनार गेली आहे, टाके उसवले आहेत आणि लोकर दबून बोटांएवढे खळगे पडले आहेत. पाहणारा प्रत्येक जण आधी उंदरांच्या नावाने बोटं मोडतो. बिचाऱ्या उंदरांनी तिथे तोंडही लावलेलं नाही. तो कोपरा असा कसा झाला, एवढंच मला सांगायचं आहे. पण त्यासाठी जन्मापासून सुरुवात करावी लागेल. म्हाताऱ्यांचं असंच असतं. थोडा धीर धरा.

मी नमदा आहे, बसायला-निजायला जमिनीवर अंथरतात तो. घोंगडी मागावर विणतात. आम्हाला कुणी विणत नाही. आम्हाला बडवतात, कढत पाण्याने भिजवतात, गुंडाळतात आणि लाथा घालतात. एवढं सोसल्यावर लोकरीचा केस न् केस दुसऱ्याला असा घट्ट धरून बसतो की पुन्हा सुटत नाही. माझ्या अंगात जी काही ऊब आहे, ती या धरून बसण्याची आहे.

कारा-बेल खिंडीखालच्या कुरणावर माझा जन्म झाला. उन्हाळा लागला की आम्ही किरगिझ लोक मेंढरं घेऊन तिकडे वर राहायला जातो. उमसुनाय नावाच्या बाईने मला केलं. तिच्या मेंढ्यांची तपकिरी आणि पांढरी लोकर चार दिवस उन्हात पसरली, मग शेजारच्या बाया वेताच्या काठ्या घेऊन आल्या आणि ती बडवायला बसल्या. लव्हाळ्याच्या चटईवर लोकर रचली, वर कढत पाणी शिंपडलं, सगळ्याची वळकटी केली आणि दोर बांधला. उमसुनायच्या घरची रीत अशी होती, की नमदा ज्याच्यासाठी असेल त्याने वळकटीला पहिली लाथ मारायची.

माझ्या वळकटीला पहिली लाथ अकमोरने मारली. अकमोर म्हणजे उमसुनायची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नात तिच्याबरोबर जायला मी होतो.

"अगं जोरात मार की!" शेजारची सोनून ओरडली. "नवरा आहे असं समज."

"असा लाथा खाऊन गप्प राहणारा असेल, तर आणा उद्याच," अकमोर म्हणाली.

"लाथा खाऊन मऊसुद्धा होतो तो," दुसरी कुणी म्हणाली, आणि सगळ्या बाया हसत सुटल्या. उमसुनाय हसली नाही. वळकटीवर पाणी शिंपडत ती एवढंच म्हणाली, "कडेला मारा. कडा कच्च्या राहतात." पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला होता, तो मी खालून पाहिला.

पुढे सुरी आली. तपकिरी थर आणि पांढरा थर एकावर एक ठेवून उमसुनायने मेंढ्याच्या शिंगांची वळणं कापली. दोन्ही थर एकदम कापले, की तपकिरीतून निघालेली शिंगं पांढऱ्यात बसतात आणि पांढऱ्यातली तपकिरीत. म्हणून आम्ही नेहमी जोडीने जन्मतो. माझा जुळा भाऊ त्याच शरदात एका व्यापाऱ्याच्या गाडीत चढून गेला. माझ्या अंगावर जिथे जिथे तपकिरी शिंग आहे, तिथे तिथे पांढरं शिंग असलेला एक नमदा जगात कुठेतरी कुणाच्या तरी पायाखाली आहे. कधी कधी त्याची आठवण येते. त्याला माझी येत असेल का, ते कळायला मार्ग नाही.

मग लग्न मोडलं. का मोडलं, ते मला ठाऊक नाही. तेव्हा मी अंथरुणांच्या ढिगात सर्वांत तळाशी होतो, आणि तिथपर्यंत फक्त आवाज पोचतात, कारणं पोचत नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांनी अकमोर उत्तरेकडच्या एका फार दूरच्या शहरात कामाला निघाली. गावातल्या चार मुली चालल्या होत्या, त्यांच्याबरोबर.

मोटार येऊन उभी राहिली तेव्हा उमसुनायने मला ढिगातून ओढलं, खांद्यावर टाकलं आणि रस्त्यापर्यंत आणलं.

"हे काय, अपा?" अकमोरने आईला विचारलं.

"तुझा नमदा. तिकडे थंडी असते म्हणतात."

"अगं, आम्ही सहा जणी एका खोलीत राहणार. मी हा अंथरू कुठे? भिंतीवर?"

"भिंतीवरही लावतात."

"अपा, भिंत आमची नाही."

मोटारवाला हॉर्न वाजवायला लागला. अकमोरने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "राहू दे तुझ्याजवळ. मी परत आले की बसेन यावर."

उमसुनायला तेवढंच ऐकू आलं की लेकीने नमदा घेतला नाही. "माझ्या हातचं जड झालं असेल तर राहू दे," ती म्हणाली आणि वळली. पाठीवर मी होतो, म्हणून मला मागचं दिसत होतं. अकमोर खिडकीतून हात हलवत होती. उमसुनायने मागे पाहिलं असतं तर तिलाही दिसलं असतं.

त्यानंतर मी पुन्हा ढिगाच्या तळाशी गेलो. मित्रांनो, वापरून जुनं होण्यात काही दुःख नाही. न वापरता जुनं होणं फार जड जातं. माझी घडी ज्या रेषेवर होती, तिथे लोकर पिचू लागली होती. आपल्याला जिने पहिली लाथ मारली, ती कधीतरी येऊन आपल्यावर बसेल, एवढ्या एका आशेवर मी अंधारात पडून होतो.

मला बाहेर काढलं ते ताऱ्यांनी.

आमच्या कुरणाच्या वर, खिंडीच्या कडेला, दगडी भिंतींची एक चौकी आहे. एके काळी राजधानीतल्या संस्थेची माणसं उन्हाळ्यात तिथे येऊन राहत आणि उल्का मोजत. त्या उंचीवर आसपास कुठेही दिवा नाही. रात्री स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, पण आकाशातली धूळ दिसते. पुढे दिवस बदलले, संस्थेची माणसं यायची बंद झाली. राहिले ते एकटे तोकतोबेक अगाय. अगाय म्हणजे आमच्याकडे गुरुजी. ते गावातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. तरुणपणी त्यांनी त्या माणसांबरोबर काम केलं होतं आणि ती सवय त्यांना सोडत नव्हती. दर ऑगस्टमध्ये ययाती नावाच्या तारकासमूहाच्या दिशेने उल्कांचा वर्षाव होतो. तो ते मोजत आणि दूरदेशी उल्कांची नोंद ठेवणारं एक मंडळ आहे, त्याला कळवत. पण मंडळाचा नियम होता: एकाच माणसाची मोजणी असेल तर तिच्यावर फारसा भरवसा ठेवायचा नाही. दोघांनी शेजारी शेजारी निजायचं, एकमेकांशी न बोलता आपापलं मोजायचं, आणि सकाळी दोन्ही आकडे ताडून पाहायचे. त्यांचा जोडीदार त्या वर्षी गाव सोडून गेला होता.

म्हणून अगाय एका दुपारी उमसुनायच्या तंबूत आले. तिने त्यांना घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा दिला. अगायनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विषय काढला.

"एजे, तुमची नजर चांगली आहे." वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात, ताई म्हणतात तसं.

"नजर चांगली आहे म्हणून तर तुम्ही पाच वळणं खाली होतात तेव्हाच दूध घुसळायला घेतलं. बोला, काय काम काढलंत?"

अगायनी सांगितलं. उमसुनाय बराच वेळ वाडगा पुसत बसली.

"तिथून पडणारे सगळे तारे दिसतात?" तिने विचारलं.

"याहून चांगले कुठूनच दिसत नाहीत."

"मग येते."

अगायना वाटलं, बाईला विज्ञानाची गोडी आहे. फार आनंद झाला त्यांना. उमसुनायने ढिगातली अंथरुणं एकेक करून उतरवली आणि तळातून मला काढलं. दगडांवर निजायचं, तर जाड नमदा हवा. अशा रीतीने मी लग्नाचा नमदा ताऱ्यांच्या कामाला लागलो.

चौकीसमोरच्या मोकळ्या जागेत मला पसरलं. एका अंगाला अगाय, एका अंगाला उमसुनाय, मध्ये हातभर अंतर, दोघांच्याही अंगावर मेंढीच्या कातड्याचे कोट. विजेरीला लाल फडकं बांधलेलं, म्हणजे डोळे दिपायला नकोत. तारा पडला की काही बोलायचं नाही, एक खूण करायची. अगाय कागदावर अंदाजाने रेघ मारत. उमसुनायला अंधारात रेघा जमेनात, म्हणून तिने कोटाच्या एका खिशात कुरुत भरून आणले. कुरुत म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याचे गोळे. तारा पडला की एक गोळा या खिशातून त्या खिशात.

सकाळी अगायनी दुसरा खिसा मोजला आणि कपाळाला हात लावला.

"एजे, मला दिसले त्याच्या निम्मेच तुम्हाला दिसले?"

"दिसले हो सगळे."

"मग गेले कुठे?"

उमसुनायने कोटावरचा चुरा झटकला. "पहाटे भूक लागली होती," ती म्हणाली.

अगाय खिंडीत घुमेल असं हसले. "धूमकेतूने टाकलेले तारे आजवर सूर्याने गिळले असतील, हवेने जाळले असतील, पण चावून खाल्लेले पहिल्यांदाच पाहतोय!"

दुसऱ्या रात्रीपासून मेंढीच्या घोट्याची हाडं आली. मुलं खेळतात ती. ती काही खाता येत नाहीत. तरीही आकडे जुळेनात. एखाद-दुसरा तारा पडत असे तोवर दोघांची मोजणी बरोबर यायची. पण पहाटेकडे तारे भराभर पडायला लागले की उमसुनायची हाडं हटकून कमी भरत. पहिल्या उन्हाळ्याची मोजणी मंडळाने बाजूला ठेवली. दुसरा निरीक्षक बहुधा झोपत असावा, असं त्यांनी कळवलं. दुसऱ्या उन्हाळ्यातही तीच गत झाली तेव्हा अगायचा धीर सुटला.

"झोप येत असेल तर सांगा ना," ते म्हणाले. "माणूस आहे, झोप येणारच. पण मोजलं नाही तर मोजलं नाही म्हणावं."

"माझा डोळा लागला नाही."

"मग तारे माझ्याच बाजूला पडतात का?"

"तुम्ही गुरुजी. तुमचा धाक असेल त्यांना."

ती हसण्यावारी नेत होती, पण तिची बोटं माझ्या किनारीवर घट्ट झाली होती. त्या रात्री अगायनी ठरवलं, की आज ताऱ्यांकडे पाहायचं नाही, एजेंकडे पाहायचं. ते कुशीवर वळले आणि अंधाराला डोळे सरावल्यावर तिच्याकडे पाहत पडून राहिले. त्यांना काय दिसलं, ते मला आधीपासूनच ठाऊक होतं.

तारा पडला. उमसुनायने एक हाड थैलीत टाकलं. मग दोन्ही तळहात उचलून तिने चेहऱ्यावरून खाली फिरवले, आमच्याकडे प्रार्थनेच्या शेवटी फिरवतात तसे, आणि ओठांत काहीतरी पुटपुटली. तेवढा वेळ तिचे डोळे तिच्याच हातांनी झाकलेले होते. आणि तेवढ्यात आकाशाच्या मधोमध आणखी एक तारा सरकून गेला.

अगाय उठून बसले. "एजे, तुम्ही काय म्हणता तारा पडला की?"

ती दचकली. "तुम्ही आकाशाकडे बघायचं सोडून—"

"काय म्हणता?"

आमच्याकडे समजूत आहे, की प्रत्येक माणसाचा आकाशात एक तारा असतो आणि तो माणूस गेला की तारा पडतो. म्हणून पडणारा तारा दिसला की लगेच म्हणायचं: 'माझा तारा वर आहे.' फार लहान मुलांना म्हणता येत नाही, तेव्हा त्यांच्या वतीने त्यांची आई म्हणते.

"अकमोरचा तारा वर आहे, असं म्हणते," उमसुनाय म्हणाली.

खाली गावात अकमोरचा फोन वर्षातून दोन-तीनदा येई, पण फोनचा भरवसा त्या दिवसापुरता. कुरणावर तर फोन नव्हताच. उन्हाळाभर लेकीची काही खबर नसे, आणि नेमके उन्हाळ्यातच सर्वांत जास्त तारे पडत. खाली तंबूत निजून यातला एखादा पाहायचा राहिला तर, या भीतीने ती बाई खिंडीत आली होती. विज्ञानासाठी ती आलीच नव्हती.

"एजे," अगाय शेवटी हळू आवाजात म्हणाले, "तारा पडत नाही हो. ती धूळ असते. एक धूमकेतू येऊन जातो, त्याच्या मागे राहिलेली. आपली पृथ्वी दर ऑगस्टमध्ये त्या धुळीतून जाते. ज्वारीच्या दाण्याहून लहान कण, हवेत जळतो, बस्स. मी तुमच्या लेकीलाच शिकवलंय हे, आठवीत."

"मी कुठे नाही म्हणते? धूळ तर धूळ. धुळीला सांगायला काय जातंय?"

"आणि स्वतःसाठी कधी म्हणता?"

"वेळ कुठे मिळतो? तोवर दुसरा पडतो."

अगायनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "म्हणा," ते म्हणाले. "पण डोळे उघडे ठेवून म्हणा."

तिने करून पाहिलं. तारा पडला की हात आपोआप वर जात. जन्मभराची सवय ती. "तुमचे हात बांधून ठेवतो," अगाय म्हणाले. "बांधा," ती म्हणाली, "पण मग हाडं काय तुम्ही मोजणार?" दोघंही हसली, पण उपाय सुचेना. त्यानंतरचा तारा फार मोठा होता. हिरवट उजेड पडला आणि मागे धुराची रेघ राहिली. उमसुनायचा उजवा हात हाडाकडे गेला. डावा हात वर जायला निघाला आणि तिने तो मध्येच थांबवला. थांबवलेल्या हाताला काहीतरी धरायला हवं होतं. त्या हाताने माझा कोपरा धरला.

एवढ्या जोराने मला आजवर कुणी धरलं नव्हतं, मित्रांनो. जन्माच्या वेळच्या लाथा त्यापुढे काहीच नव्हत्या.

त्या रात्रीपासून ते ठरूनच गेलं. तारा पडला की उजव्या हाताने हाड, डाव्या हाताने कोपरा, ओठांत अकमोरचं नाव, आणि डोळे उघडे. सकाळी आकडे जुळले. अगायनी दोन्ही आकडे तीन-तीनदा ताडले आणि चुलीवर चहा ठेवून तो उतू जाऊ दिला. मंडळानेही मोजणी मान्य केली.

असे कितीतरी उन्हाळे गेले. पावसाळी ढग आले की दोघं चौकीत बसून वाट पाहत, चंद्र असला की कुरकुरत. ऑगस्ट संपला की अगाय मला उन्हात झटकून, मध्ये रानदवण्याच्या काड्या घालून, चौकीच्या आढ्याला टांगून ठेवत, म्हणजे कसर लागायला नको. माझ्या कोपऱ्याची किनार पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच गेली. मग टाके गेले. मग लोकर दबत गेली आणि तिच्या बोटांच्या जागा तयार झाल्या. किती तारे त्या कोपऱ्यात दाबले गेले असतील, ते अगायच्या कागदांनाही सांगता येणार नाही. कागदावर फक्त तारे होते, नावं नव्हती. नावं माझ्यापाशी होती. खरं तर एकच नाव.

पण ज्या मुलीचं ते नाव, ती काही माझ्यावर बसायला आली नाही.

मग एका उन्हाळ्यात उमसुनाय म्हणाली, "अगाय, आज ढग आहेत का हो?" आकाश लख्ख होतं. अगायनी तिच्याकडे पाहिलं आणि मग आकाशाकडे पाहिलं. "आहेत थोडे," ते म्हणाले. त्या रात्री त्यांनी कागद काढलाच नाही. दोघं नुसती पडून राहिली. तारे पडत होते, अगाय दर वेळी हळूच "पडला" म्हणत, आणि ती कोपरा दाबत होती.

तिच्या डोळ्यांत पडदा आला होता. शहरातल्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. ती पुन्हा वर आली नाही. अगाय एक-दोन उन्हाळे एकटेच आले. माझ्या एका अंगाला निजत आणि दुसरं अंग मोकळं ठेवत. मग त्यांचे गुडघे गेले आणि मुलाने त्यांना राजधानीत नेलं. जाताना त्यांनी मला आढ्याला टांगलं, रानदवणा भरला आणि दाराला कडी लावली. परत येणारा माणूस कडी लावतो तशीच लावली.

त्यानंतरचे हिवाळे मी मोजले नाहीत. छपराचा एक पत्रा उडाला आणि तिथून बर्फ यायचा. रानदवण्याचा वास गेला आणि कसर आली. एका वर्षी दोर तुटून मी जमिनीवर पडलो आणि पडलेलाच राहिलो. छपराच्या भोकातून रात्री आकाशाचा तळहाताएवढा तुकडा दिसे. ऑगस्ट आला की त्या तुकड्यातून कधीतरी एखादी रेघ सरकून जाई. मला वाटे, आता कुणीतरी नाव घ्यायला हवं. पण माझ्याजवळ नाव होतं, तोंड नव्हतं. तो तारा तसाच जायचा. मित्रांनो, एकटेपण म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी त्या रेघा सांगेन.

आणि मग एके दिवशी दुपार कलताना कडी वाजली.

दारात एक बाई उभी होती. जाडसर, कानशिलाजवळ केस पिकलेले. मी तिला ओळखलं नाही. तिने नाकाला रुमाल लावला, पायाने पत्रा बाजूला सारला, मला पाहिलं आणि ओढत बाहेर उन्हात आणलं. पलीकडे कुरणावरचा कुणाचा तरी घोडा बांधलेला होता. तिने मला उलटं करून काठीने बडवलं, आणि त्या पहिल्या फटक्यात माझी खात्री पटली. हात बदलतात, चेहरे बदलतात. मारण्याची ढब बदलत नाही. ती अकमोर होती.

"अरे देवा," ती कोपरा पाहून म्हणाली. "मेल्या उंदरांनी खाल्लाच शेवटी." मग घोड्याकडे वळून, जणू तोच ऐकतोय असं, "अपा म्हणते, तुझा नमदा वर आहे, घेऊन ये, आता तरी घेऊन ये. एवढ्यासाठी मला डोंगर चढवला. आणि हा बघ!"

उंदरांनी खाल्ला नाही, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण नमद्याला ओरडता येत नाही.

परतायला मात्र तिला उशीर झाला होता. आमच्याकडे दुपारनंतर वरचं बर्फ वितळतं आणि ओढा फुगतो; मग तो सकाळीच ओलांडता येतो. अकमोर इतकी वर्षं शहरात राहून हे विसरली होती. ओढ्यापर्यंत जाऊन, स्वतःलाच दोन शिव्या हासडून ती परत आली. चौकीत बर्फाची घाण होती, म्हणून तिने मला बाहेरच पसरलं, अंगावर घोड्याची झूल ओढली आणि निजली.

ती माझ्यावर निजली, मित्रांनो. जन्मल्यापासून ज्या एका गोष्टीची मी वाट पाहिली, ती अशी झाली. तिला त्याचं काहीच नव्हतं. ती कुडकुडत होती.

मध्यरात्र उलटली आणि ययाती वर आला. तो ऑगस्टच होता. पहिला तारा खिंडीवरून सरकला तेव्हा अकमोर दचकून उठून बसली. शहराच्या उजेडात राहणाऱ्यांना तारे पडतात हेच आठवत नाही. दुसरा पडला. तिचे हात चेहऱ्याकडे गेले, आणि ती म्हणायला लागली, "माझा तारा..."

तिथेच ती थांबली. खाली गावात, अंधाऱ्या डोळ्यांची तिची आई एकटी निजली होती.

"अपाचा तारा वर आहे," ती म्हणाली.

मग तारे दाट पडू लागले. एकापाठोपाठ एक, कधी दोन एकदम. ती प्रत्येकाला तेच सांगत होती, घाईने, एकही सुटू नये म्हणून. डोळे मिटायची तिला भीती वाटू लागली. तिचा डावा हात कशाचा तरी आधार शोधत माझ्या कडेने सरकत गेला, आणि कोपऱ्यावर आला, आणि मिटला.

तिची बोटं खळग्यांत बसली.

तिने हात उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा बसली बोटं, एकेक आपापल्या जागी, जणू कुणी माप घेऊन ठेवलं होतं. तिने फोनचा दिवा लावून तो कोपरा जवळून पाहिला. आई उन्हाळ्यात अगायबरोबर तारे मोजायला जाते, हे सोनूनने तिला कधीतरी फोनवर हसत हसत सांगितलं होतं. लहानपणी तारा पडला की आई आपल्या वतीने काय म्हणायची, ते तर तिच्या ओठांवर आत्ताच होतं. तिने दिवा बंद केला. उजाडेपर्यंत तिने तो कोपरा सोडला नाही, आणि माझी लोकर तिथे बराच वेळ ओली होती. दव अजून पडायचं होतं.

सकाळी घोड्यावर टाकून तिने मला खाली आणलं. उमसुनाय अंगणात उन्हाला बसली होती. अकमोरने तिच्याजवळ मला पसरलं. उमसुनायने वाकून हात ठेवला. शिंगांच्या वळणांवरून तिची बोटं फिरली, किनारीवर आली, किनारीने सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेली. उमसुनाय सावकाश सरकून तिथेच बसली, जागा अडवून.

"हा कोपरा माझा," ती म्हणाली. "तू तिकडे बस."

"तिकडे सावली आहे, अपा. गार लागतंय."

"मग इकडे सरक. पण कोपरा सोड."

अकमोर तिला खेटून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "काल रात्री खूप तारे पडले."

"किती?"

"मोजले नाहीत."

"अगायना सांगू नकोस, ओरडतील." उमसुनाय हसली. "मोजले नाहीस तर रात्रभर केलंस काय?"

अकमोरने आईच्या हातावर आपला हात ठेवला, कोपऱ्यावरच. "तुझं नाव घेत होते."

उमसुनायने मान वर केली, न दिसणाऱ्या उन्हाकडे.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच अजून जिवंत आहे."

संध्याकाळी अकमोर सुईदोरा घेऊन माझा कोपरा शिवायला बसली, तेव्हा आईने तिचा हात धरला. म्हणून तो अजून तसाच आहे. सोनून येते तेव्हा अजूनही उंदरांना शिव्या देते. आम्ही तिघं काही बोलत नाही.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, काठीने हळू झटका, हिवाळ्यात घडीत रानदवणा घाला. एवढं केलंत की मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, एकाच जागी झिजलेली. खुर्चीचा हात असेल, उंबरा असेल, पितळी भांड्याचा कान असेल. ती टाकून देण्याआधी, तिची डागडुजी करण्याआधी, त्या झिजलेल्या जागेवर एकदा आपला हात ठेवून पाहा. आणि थोडा वेळ तिथेच राहू द्या.